पालखीच्या दिवसांत व्हिजिट लावू नका

बी.फार्म. झाल्यावर पुण्यातल्या एका हॉस्पिटलात मी सीआरसी, म्हणजे क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले. घरी ऐटीत सांगितलं, 'हृदयावर संशोधन करतेय.' पहिला महिना गेला झेरॉक्स काढण्यात, ईसीजीवर तारीख-वेळ टाकण्यात आणि पेशंटना फोन करण्यात. या क्षेत्रात येणार असाल तर हे आधीच ऐकून ठेवा.

औषध चांगलं वाटतं, मग द्यायला काय हरकत आहे, असा प्रश्न तुम्हालाही पडेल. उत्तर म्हणून आमच्या डॉक्टरांनी 'कास्ट' ट्रायल, म्हणजे औषधाची पेशंटवरची चाचणी, सांगितली. हार्ट अटॅकनंतर चुकणारे ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड छान आटोक्यात आणत. ईसीजी सुधारायचा. पण १९८९ मध्ये आकडे पाहिले तर गोळी घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत कमी. ती औषधं तिथेच थांबवली. तेव्हापासून 'ईसीजी छान आलाय' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

सगळ्यात जास्त वेळ जातो संमतीपत्रात, आणि जायलाच हवा. पेशंटला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवावा लागतो. शिरूरकडचे एक काका वाचून होण्याआधीच अंगठा पुढे करून बसले. "डॉक्टरसाहेब सांगतील ते." मी शाईचं पॅड बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: औषध मिळेल की नुसती गोळी, हे मलाही कळणार नाही, कधीही सोडून जाता येईल, उपचार थांबणार नाहीत. मग काकूंनी खरा प्रश्न विचारला, "यष्टीचं भाडं मिळंल का?" मिळतं, आणि तेही लिहिलेलं असतं.

ट्रायलमध्ये घेण्याचा निकष ईएफ (हृदय दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ४० किंवा कमी असा असेल आणि एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ४२ आला, तर पेशंट त्यात बसत नाही. नातेवाईक गळ घालतील, भरतीचं टार्गेट डोक्यावर असेल, तरी नाही. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत ३० मीटरची मोकळी पट्टी लागते (आमच्याकडे मावशी नेमकं तिथेच स्ट्रेचर लावायच्या) आणि 'चला काका, जोरात!' म्हणायची बंदी. ठरलेली वाक्यंच बोलायची. आणि पेशंट डेंग्यूने दुसरीकडे ॲडमिट झाला तरी ती गंभीर घटनाच. २४ तासांत कळवायची.

माझी चूक कॅलेंडरची. काकांची व्हिजिट, म्हणजे ठरलेली तपासणी, तीन दिवस मागेपुढे चालणार होती. मी ती आषाढातच लावली. फोन केला तर काका दिंडीच्या ट्रकात, वाखरीच्या आसपास. प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ट्रायलचा ठरलेला नियम चुकल्याची नोंद, लिहिलं, बोलणी खाल्ली.

परतल्यावर ते प्रसादाची पिशवी घेऊन आले. आत चुरमुरे, बुक्का आणि गोळ्यांच्या स्ट्रिपा. परत आलेली प्रत्येक गोळी आम्ही मोजतो. दोन कमी भरल्या.

"काका, दोन जास्त घेतल्या का?"

"छे. दिंडीतल्या एकाला धाप लागली व्हती. दिल्या त्याला."

मी फोन उचलून डॉक्टरांना वर बोलावलं. कोणती दिंडी, कोण माणूस, काकांना काहीच आठवत नव्हतं.