अनोळखी माणसाच्या रिव्ह्यूवर वाद घालायचाय? मग जरा नीट घाला

आपल्या लाडक्या कादंबरीला कुणीतरी एक स्टार देऊन खाली चार ओळी खरडलेल्या असतात, आपलं डोकं सणकतं आणि बोटं आपोआप टाइप करायला लागतात. थांबा. आधी तो रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचा. हसू नका, कितीतरी वाद नुसते इथेच पेटतात, लोक स्टार बघतात, पहिलं वाक्य वाचतात आणि सुटतात, आणि खाली त्याच माणसाने लिहिलेलं असतं की शेवट मात्र मला आवडला, आणि आपण त्यालाच शेवट किती भारी आहे ते तावातावाने समजावत बसलेलो असतो.

वाचून झालं की त्यातली वाक्यं मनातल्या मनात वेगळी करा, कारण रिव्ह्यूमध्ये तीन गोष्टींची सरमिसळ असते. समजा कुणी असं लिहिलंय: “भयंकर रटाळ पुस्तक. सगळ्या बायका नुसत्या रडतात, एकीलाही स्वतःचं मत नाही. असली पुस्तकं समाजाला मागे नेतात.” आता ‘रटाळ’ ही त्याची आवडनिवड झाली, तिच्या वाटेला जाऊच नका, माणूस कंटाळला तर कंटाळला, तू कंटाळला नव्हतास हे तुम्ही कुठल्या पुराव्याने सिद्ध करणार? ‘एकीलाही स्वतःचं मत नाही’ हे मात्र पुस्तक उघडून तपासता येतं. आणि ‘समाजाला मागे नेतात’ हा त्याने काढलेला निष्कर्ष आहे, तिथे खरा मुद्दा हा की पुस्तकात एखादी गोष्ट दाखवली म्हणजे लेखकाने तिची बाजू घेतली असं होतं का. वाद घालण्यालायक जागा ह्या दोनच, त्यातलीही एकच निवडा. तिन्हीवर एकदम तुटून पडलात तर समोरचा तुमच्या सगळ्यात कच्च्या वाक्याला धरतो आणि बाकीचं वाऱ्यावर जातं.

आता उत्तर. नेहमीचं उत्तर असतं “तुला साहित्यातलं काय कळतं, आधी चार पुस्तकं वाच मग बोल.” त्याऐवजी हे बघा:

“रटाळ वाटलं ते समजू शकते, मधला भाग मलाही ताणलेला वाटला. पण ‘एकीलाही स्वतःचं मत नाही’ हे पटलं नाही. सातव्या प्रकरणात मोठी बहीण सगळ्यांसमोर घर विकायला नकार देते आणि शेवटपर्यंत सही करत नाही. ते तुम्ही धरलं नाहीत, की तुम्हाला वेगळं काही म्हणायचंय?”

ह्यात कौतुक वगैरे काही नाहीये, उगाच गोडगोड बोलायची गरजही नसते. त्याचं वाक्य जसंच्या तसं उचललंय, त्याला छेद देणारी पुस्तकातली एक जागा दाखवलीय आणि शेवटी एक प्रश्न विचारलाय. तो प्रश्न मात्र खरा हवा, कदाचित तो म्हणेल की नकार देते पण तिचं ऐकतं कोण, आणि मग गप्पा खरंच रंगतात.

पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रॅमरने २००८ मध्ये मतभेदाच्या सात पायऱ्या मांडल्या होत्या, त्या डोक्यात ठेवायला बऱ्या आहेत. सगळ्यात खाली शिवीगाळ, मग माणसावर घसरणं, मग त्याच्या टोनबद्दल तक्रार, मग नुसतं ‘चूक आहे’ म्हणणं, मग कारण देऊन उलट बाजू मांडणं, मग त्याचं नेमकं वाक्य घेऊन ते खोडणं, आणि सगळ्यात वर त्याचा मुख्य मुद्दाच खोडणं. तिसऱ्या पायरीवर तर अख्खेच्या अख्खे दिवस वाया जातात, ‘जरा नीट बोला’, ‘मी नीटच बोलतोय’, ‘तुमची भाषा बघा आधी’, आणि पुस्तक बिचारं बाजूला पडलेलं.

टोमणे मारायची हौस असेल तर ती आवरा. २००५ मध्ये जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली ह्या मानसशास्त्रज्ञांचा आणि सहकाऱ्यांचा ईमेलवर एक अभ्यास आला होता. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण उपरोधाने बोलतोय की सरळ, हे वाचणाऱ्याला साधारण ७८ टक्के वेळा कळेल, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा थोडंसंच बरं. आणि ती तर एकाने एकाला पाठवलेली मेल होती. इथे तुमचा टोमणा कोण, कुठल्या मूडमध्ये वाचेल काय सांगावं, ‘वा, काय अभ्यास आहे’ हे कुणीतरी सरळ घेऊन थँक्यू म्हणतं आणि मग तुम्हीच खुलासे देत बसता.

आकड्यांवरून भांडण्याआधी तो आकडा कशाचा आहे तेवढं बघून घ्या. सिनेमांचे रिव्ह्यू गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज ह्या साइटवर ९० टक्के दिसले म्हणजे सिनेमाला दहापैकी नऊ मार्क मिळाले असं नसतं, ९० टक्के समीक्षकांचा रिव्ह्यू एकूणात चांगला होता एवढंच. सगळ्यांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तरी शंभर होऊ शकतात. ‘एवढा स्कोअर आहे आणि तू नावं ठेवतोस’ हा मुद्दा मग तसाच गळून पडतो. शिवाय काही वेळा लोक ठरवून, न बघताच एक-एक स्टार ओततात. ह्या प्रकारावर ओरड झाली तेव्हा त्याच साइटने २०१९ मध्ये सिनेमा रिलीज व्हायच्या आधी प्रेक्षकांनी कॉमेंट टाकायची सोयच बंद केली. अशा लाटेतल्या रिव्ह्यूला उत्तर देऊ नका, त्यात बोलण्यासारखं काही नसतंच.

समाजाबद्दलची मतं जास्त किचकट असतात. ‘आजकालची पिढी वाचतच नाही’, ‘आता कुणाला माणुसकीच राहिली नाही’ अशी वाक्यं खोडायला गेलात की तो त्याच्या शेजारच्या मुलाचं उदाहरण देतो, तुम्ही तुमच्या भाचीचं देता, आणि हे अनंतकाळ चालू शकतं. तिथे दोनच प्रश्न विचारा: कुणाशी तुलना करताय आणि कधीच्या काळाशी? गंमत म्हणजे बऱ्याचदा माणूस इथेच स्वतःहून जरा खाली येतो. पण कुणी स्वतःवर बेतलेलं सांगत असेल, की ह्या नाटकात दाखवलंय तसं माझ्या घरी झालंय आणि मला बघवलं नाही, तर त्या अनुभवावर वाद घालणं निव्वळ असभ्यपणा आहे. त्यावरून त्या माणसाने सरसकट सगळ्या नाटकांबद्दल काही म्हटलं असेल तर तेवढ्यापुरतं बोला, तेही हळू.

समोरचा वाद घालतोय की नुसता खेळतोय हे ओळखायला न्यायशास्त्र, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, अजून कामाला येतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत: खरं काय ते शोधायला केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडत बसायची ती वितंडा. म्हणून सरळ विचारा, ‘बरं, मग तुमचं मत काय?’ चार वेळा विचारूनही ते येत नसेल तर समजून जा. समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ काढणं ह्याला न्यायशास्त्रात छल म्हणतात, त्याचं तिथलं उदाहरण तर आजही रोज दिसतं, कुणी म्हणतं हा माणूस नवकंबल आहे, म्हणजे नव्या कांबळ्याचा, आणि दुसरा म्हणतो नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! तुम्ही ‘सगळे’ म्हणालात की एक अपवाद आणून नाचवणारे ह्याच घराण्यातले.

थांबायचं कधी? माझा हिशोब सोपा आहे, माझी दोन उत्तरं, बास. तिसऱ्यात नवीन काही नसतं, फक्त राग वाढलेला असतो. अल्बर्टो ब्रांडोलिनी नावाच्या इटालियन प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये म्हटलंच होतं की फालतू बडबड करायला जेवढी ताकद लागते त्याच्या कितीतरी पट ती खोडायला लागते. आणि तो माणूस बदलणार नाहीये म्हणून हिरमुसू नका, गुपचूप वाचून जाणारे बरेच असतात, तुमचं उत्तर खरं तर त्यांच्यासाठी असतं, तेव्हा पुस्तक न वाचलेल्यालाही कळेल असं लिहा आणि शेवट फोडू नका.

पोस्ट नंतर बदललीत तर काय बदललं ते खाली एका ओळीत टाका, नाहीतर आधी उत्तर दिलेले लोक उगाच वेडे दिसतात. रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट दुसरीकडे टाकून त्या माणसावर झुंड सोडू नका, मुद्दाच चर्चेला घ्यायचा असेल तर नाव झाका. आणि समोरच्याचं पटलं तर ‘हो, हे पटलं’ एवढंच लिहा, पुढे ‘पण तरीही’ जोडू नका.