डिजिकॅम सारखं बंद पडतंय? घाईत या चुका करू नका

जानेवारीत आपल्या सोलापूरची गड्डा यात्रा संपली आणि दुसऱ्याच दिवशी मामांच्या फोटो स्टुडिओतलं डिजिकॅम, म्हणजे फोटो लावून ठेवायचा प्रोग्राम, उघडेना. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा मिळून चार हजारांच्या आसपास फोटो रात्रीतून कार्डावरून उतरवलेले. विंडो यायची, खालची स्कॅनची पट्टी थोडी सरकायची आणि सगळं गायब. मामांचा फोन आला, "काय बे, हे काढून परत टाकलं तर होईल का?" मी पोहोचेपर्यंत दुकानातल्या पोरानं ते दोनदा काढून परत टाकलं होतं. तरी जमेना म्हणून त्यानं पिक्चर्स फोल्डरमधली 'डिजिकॅम४ डॉट डीबी' ही फाइलही पुसून टाकली होती.

फोटो एकही गेला नाही. पण कुठलं लग्न, कुठलं घराणं, कुठला चेहरा कुणाचा, ही तीन वर्षं बसून लावलेली टॅगांची नोंद गेली. मामी रोज रात्री दुकान आवरल्यावर ते काम करायच्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्याकडे विंडोजऐवजी लिनक्सवर काम करणारे छोटे स्टुडिओ आता बरेच आहेत आणि हीच चूक मी तिसऱ्यांदा पाहिली.

डीबी फाइल पुसणं

डिजिकॅम फोटो आपल्या पोटात ठेवत नाही. फोटो तुमच्या फोल्डरमध्येच असतात. त्यांच्याबद्दलची माहिती एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये असते आणि त्या डीबी फाइली एकापेक्षा जास्त असतात. नावात 'थंबनेल्स' असलेली फाइल फक्त लहान चित्रांची. ती पुसली तर डिजिकॅम पुन्हा तयार करतं, वेळ तेवढा जातो. 'डिजिकॅम४' ही मात्र मुख्य वही आहे. मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) सेटिंगमध्ये टॅग आणि रेटिंग फोटोतच लिहायचा पर्याय चालू असेल, तर नव्या स्कॅनमध्ये ते परत मिळतात. तो बंद असेल तर ती माहिती त्या वहीखेरीज कुठेच नसते. मामांकडे तो बंद होता. आजच तुमचा तपासा.

काहीही करायच्या आधी डिजिकॅम पूर्ण बंद करा आणि सगळ्या डीबी फाइलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. विंडो गेली म्हणजे प्रोग्राम थांबलाच असं नाही. मागे अडकून राहिलेला असतो आणि त्यानं डेटाबेस धरून ठेवलेला असतो, म्हणून सिस्टम मॉनिटरमध्ये बघून घ्या. डीबीशेजारी त्याच नावाची, शेवटी 'वॉल' (wal) किंवा 'जर्नल' (journal) लागलेली फाइल दिसली तर तीही सोबत घ्या. कचरा समजून ती उडवू नका. शेवटच्या क्षणी अर्धवट राहिलेल्या नोंदी तिच्यात असतात. ती गेली तर चांगला डेटाबेसही बिघडू शकतो.

काढून परत टाकणं

यानं फार क्वचित काही होतं. प्रोग्राम काढला तरी तुमच्या होम फोल्डरमधल्या सेटिंग्ज आणि डेटाबेस तसेच राहतात. नवा डिजिकॅम येऊन तीच वही उघडतो, त्याच फाइलीवर अडखळतो.

दोष प्रोग्रामचा की आपल्या सामानाचा, हे ठरवायची सोपी युक्ती आहे. लिनक्सवर एक नवा युजर तयार करा, त्यात लॉगिन करा आणि पाचपन्नास फोटो टाकून डिजिकॅम चालवा. तिथे नीट चाललं तर प्रोग्राम ठीक आहे, बिघाड तुमच्या डेटाबेसमध्ये, सेटिंगमध्ये किंवा एखाद्या फोटोत आहे. तिथेही पडलं तर मात्र आवृत्तीकडे बघा. उबुंटू या लिनक्सच्या २०२२ च्या एलटीएसमध्ये (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीत) डिजिकॅम ७ च्या मालिकेतलं येतं. नवं हवं असेल तर अ‍ॅपइमेज (न बसवता थेट चालणारी एकच फाइल) घेता येते. पण एकच डेटाबेस कधी जुन्या आवृत्तीत तर कधी नव्या अ‍ॅपइमेजमध्ये, असं करू नका. नवी आवृत्ती डेटाबेसची रचना बदलून घेऊ शकते. मग जुनी तो उघडायला नकार देते.

टर्मिनलकडे न बघणं

चिन्हावर क्लिक करून डिजिकॅम पडलं तर हाती काहीच लागत नाही. तेच टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, सुरू करा. अ‍ॅपइमेज असेल तर तिच्या नावापुढे 'डीबग' हा शब्द टाका. पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळींत बऱ्याचदा त्या फाइलीचं नाव असतं. नसेल तर 'डीमेसेज' (dmesg) ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंद बघा, तीही सुडो (अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून. तिथे 'सेगफॉल्ट' अशी ओळ असेल तर कुठल्या लायब्ररीत (प्रोग्राम वापरतो त्या तयार कोडमध्ये) पडलं तेही सापडतं. 'एक्झिव्ह२' हे नाव दिसलं की संशय फोटोच्या मेटाडेटावर घ्या, कारण तो वाचायचं काम तीच लायब्ररी करते. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर डिजिकॅम आपणहून पडलेलंच नाही. रॅम संपली म्हणून कर्नलनं ते बंद केलं. चार जीबी रॅमवर चेहरे ओळखायचं काम प्रोसेसरचे सगळे कोअर लावून सुरू केलं की हे होऊ शकतं. मेन्टेनन्समध्ये सगळे कोअर वापरायचा पर्याय काढा आणि एकेक अल्बम घ्या.

मामांच्या वेळी शेवटच्या ओळीत एका व्हिडिओचं नाव होतं. मिरवणुकीचा व्हिडिओ, कार्डावरून उतरत असतानाच कार्ड ओढलेलं, फाइल अर्धीच. ती अल्बमबाहेर काढली आणि डिजिकॅम सुरळीत चालू झालं. पाच मिनिटांचं काम होतं. डीबी पुसायच्या आधी हे बघितलं असतं तर मामींची तीन वर्षं वाचली असती, हे अजून मनातून जात नाही.

नाव दिसलंच नाही तर संशयित फोल्डरची प्रत त्या नव्या युजरकडे घ्या आणि अर्धं-अर्धं करत जा. अर्धे फोटो ठेवून चालवा. पडलं तर दोषी याच अर्ध्यात आहे, नाही पडलं तर उरलेल्या अर्ध्यात. चार हजार फोटोंमधून एक बिघडलेला बाराव्या फेरीपर्यंत सापडतो. त्याआधी शून्य बाइटच्या फाइली शोधून बाजूला करा, तेवढ्यावरही काम भागू शकतं.

डिस्क आणि डेटाबेसची जागा

होम असलेलं पार्टिशन भरलं असेल तर डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही. 'डीएफ' ही आज्ञा देऊन बघा, लग्नसराईत तर रोज.

डेटाबेस नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये किंवा यूएसबी डिस्कवर ठेवू नका. फोटो तिकडे चालतील, वही मात्र कॉम्प्युटरच्या स्वतःच्या एसएसडीवरच हवी. एका वेळी एकानंच लिहावं म्हणून असलेलं एसक्यूलाइटचं कुलूप नेटवर्कवर भरवशाचं नसतं. विंडोजवरही वापरलेली एनटीएफएस डिस्क असेल, तर विंडोज पूर्ण शटडाउन झालंय याची खात्री करा. फास्ट स्टार्टअप चालू असला की ती अर्धवट अवस्थेत राहते. मग लिनक्स तिला फक्त वाचण्यापुरती जोडतं किंवा जोडतच नाही.

उन्हाळा आणि तंतू

हे खास आपल्या गावासाठी. एकटं डिजिकॅम पडण्याऐवजी अख्खं मशीनच गोठत असेल, किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पडत असेल, तर सॉफ्टवेअर सोडा आणि कॅबिनेट उघडा. पूर्व भागात यंत्रमागाजवळ दुकान असलं की सुताचे बारीक तंतू पंख्यात आणि हीटसिंकवर चिकटून त्यांचा थर होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा हवा खेळायला वाटच राहत नाही. वीज बंद करून, पंखा बोटानं धरून, ब्लोअरनं साफ करा. 'सेन्सर्स' या आज्ञेनं आधीचं आणि नंतरचं तापमान बघा. तरी पडत राहिलं तर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवा. खराब रॅम असाच चकवा देते. आणि लाइट जाते तिथे यूपीएस घ्याच, डेटाबेस लिहिला जात असताना वीज गेलेली चांगली नाही.

एवढं करूनही दोष डिजिकॅमचाच निघाला, तर केडीईच्या बगझिलावर (डिजिकॅमचे दोष नोंदवायच्या साइटवर) कळवा. आवृत्ती, लिनक्स कोणतं, नेमकं काय केल्यावर पडतं आणि डीबगमधून मिळालेला बॅकट्रेस (पडताना प्रोग्राम कुठे होता त्याची यादी), एवढं लिहा. बिघडलेली फाइल जोडायची असेल तर गिऱ्हाइकाची परवानगी घ्या. लग्नाचे फोटो आपले नसतात.