सेवा आणि भटकंती एकाच तिकिटावर

जगप्रदक्षिणेच्या विमान तिकिटावर बहुधा एकाच दिशेने जावं लागतं आणि वर्षाच्या आत परतावं लागतं. म्हणून देशोदेशीच्या चर्चमध्ये प्रवचनं देत फिरणाऱ्या नवरा-बायकोने आधी प्रवचनांचे रविवार पक्के करावेत, फिरणं मधल्या दिवसांत बसवावं. उलटं केलं तर यजमान मंडळीची (बोलावणाऱ्या चर्चची) नुसती ओढाताण. पश्चिमेकडे जाणं झोपेला सोपं, पण पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा (जिथे तारीख बदलते ती रेषा) ओलांडताना एक तारीख गळते: लॉस एंजेलिसहून शनिवारी रात्री निघालात, तर ऑकलंडला उतरता थेट सोमवारी सकाळी. रविवारची उपासना हुकलीच म्हणायची! व्हिसाचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पर्यटक व्हिसावर प्रवचन किंवा धर्मप्रसार बऱ्याच देशांत चालत नाही. निमंत्रणपत्र दाखवून दूतावासात आधीच विचारून घ्या.