रणगाड्याचे धातूचे ट्रॅक: सुट्या कड्यांपासून चिखलापर्यंत

1/35 मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या, कित्येक मॉडेल किटमध्ये टी-34 या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचे ट्रॅक, म्हणजे चाकांभोवती फिरणारे पट्टे, मऊ, रबरासारख्या पट्टीचे येतात. ती पट्टी चाकांभोवती ताणून बसते आणि बाकी मॉडेल कितीही चांगलं झालं तरी गाडी खेळण्यातली दिसते. खऱ्या टी-34 ला वरचा ट्रॅक उचलून धरणारी छोटी चाकं नव्हतीच. ट्रॅक मोठ्या चाकांच्या माथ्यावर स्वतःच्या भारानं पडून राहायचा. त्यात ओढणारं चाक मागे, म्हणून गाडी पुढे जाताना वरची बाजू सैल. हा झोळ प्लॅस्टिकमध्ये आणायचा तर दोरे बांधा, चिकटवा, दाबून धरा. धातूच्या सुट्या कड्या जोडून केलेल्या ट्रॅकला त्याची गरज नाही, वजनच ते काम करतं. अट एकच: प्रत्येक सांधा शेवटपर्यंत मोकळा हलला पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

बाजारात फ्रिउलमॉडेल, मास्टरक्लब अशा नावांचे संच मिळतात. पहिल्यात कड्यांसोबत तार येते, ती कापून कड्या जोडायच्या पिना करायच्या. दुसऱ्यात रेझिनच्या तयार पिना असतात, डोक्यासकट. किंमत चांगलीच टोचते. पहिलाच संच घेणार असाल तर टी-34 चा 500 मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक घ्या. कड्या मोठ्या आणि संख्येनं कमी, खऱ्या गाडीवर एका बाजूला 72. जर्मन टायगर रणगाड्याला 96 लागतात, पँझर 4 ला 99. हात बसायच्या आधी त्या वाटेला जाऊ नये.

आधी चाकं भक्कम करा

दोन्ही ट्रॅक मिळून मॉडेलचं वजन एकदम वाढतं. प्लॅस्टिकचे बारीक आस वाकतात आणि चाकं बाहेरच्या बाजूला कलतात. म्हणून आसांना मधोमध भोक पाडून जाड तार घाला, मागचं ओढणारं चाक नीट पक्कं करा. पुढचं चाक मात्र चिकटवू नका. खऱ्या गाडीत ते पुढे-मागे सरकवून ट्रॅकचा ताण कमी-जास्त करत. आपणही तेच करणार आहोत.

साफसफाई आणि भोकं

कड्या पांढऱ्या मऊ धातूच्या असतात, मुख्यतः कथिलाच्या. काही मिश्रणांत शिसंही असतं. खाली वर्तमानपत्र पसरा, नाकाला मास्क लावा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका.

प्रत्येक कडीवर साच्याची रेघ आणि कडेचे पापुद्रे असतात. बारीक कानस दोनदा फिरवली की पुरे. जोर लावला तर नक्षीच जाते. मग पिनेची भोकं. ती पाडलेली असतात, पण निम्मी बुजलेली. तार 0.5 मिलिमीटरची असेल तर 0.6 चा बिट हातानं फिरवायच्या ड्रिलमध्ये लावा. मोटरचा ड्रिल नको, मऊ धातू गरम होऊन बिटला लपेटतो आणि बिट तुटतो. बिटला अधूनमधून मेण लावलं तर तो सरळ जातो. काम कंटाळवाणं आहे, हे खरं. रेडिओ लावून बसा, पण घाईनं तिरकं भोक पाडू नका, कारण ते पुढे कडी वाकडी बसल्यावरच कळतं.

जोडणी

टी-34 च्या ओढणाऱ्या चाकाला दाते नव्हते. चाकाच्या आत रोलर होते आणि ते ट्रॅकच्या उभ्या शिंगांना पकडून ट्रॅक ओढत. म्हणून कड्या दोन प्रकारच्या: एक शिंगाची, एक सपाट, पुन्हा शिंगाची. बाजूला 36 आणि 36. सपाट-सपाट अशा दोन लागोपाठ जोडल्या तर पुढची शिंगं रोलरवर बसतच नाहीत. सुरुवातीलाच दोन डब्यांत कड्या वेगळ्या ठेवा आणि आळीपाळीनं उचला.

लाकडी फळीवर दोन आइस्क्रीमच्या काड्या समांतर चिकटवा, मध्ये कडीच्या रुंदीएवढी जागा ठेवा, म्हणजे साधारण 14 मिलिमीटर. त्यात कड्या पालथ्या लावल्या की रांग सरळ राहते. तार तिरपी कापून टोक अणकुचीदार करा, आत सरकवा, बाहेर मिलिमीटरभर ठेवून निपरनं तोडा. आता फेविक्विकचा थेंब कागदावर काढा, सुईच्या टोकावर कणभर घ्या आणि तारेच्या फक्त बाहेरच्या टोकाला लावा. बाटलीतून थेट लावलं तर ते फटीतून आत ओढलं जातं आणि सांधा गोठतो. पाच-सहा कड्या झाल्या की पट्टा हातात घेऊन हलवा. कुठे अडलं तर नखांची पॉलिश काढायचं अॅसिटोन ब्रशनं लावून सांधा सोडवा. मॉडेलच्या प्लॅस्टिकजवळ मात्र ती बाटली आणू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

खऱ्या गाडीत पिनेचं डोकं आतल्या बाजूला, गाडीच्या अंगाकडे असे आणि आतून पिनेला अटकाव नसे. धावता धावता ती आत सरकली की मागच्या चाकाजवळ अंगावर बसवलेली तिरपी पट्टी तिला ठोकून परत बाहेर ढकलायची. डोक्याच्या पिना मिळाल्या असतील तर डोकी आतल्या बाजूलाच घाला.

पट्टा पुरा करायच्या आधी चाकांवर घालून बघा. किटची मापं थोडीफार इकडेतिकडे असतात, त्यामुळे 72 चा हट्ट धरू नका. कमी-जास्त मात्र जोडीनं करा, नाहीतर शिंगाचा क्रम मोडेल. शेवटची पिन न चिकटवता ठेवा.

काळं करणं

पट्टा व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, मग भांडी घासायच्या साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा. बोटांचं तेल राहिलं तर तिथे डाग उमटतो, म्हणून यापुढे हातमोजे.

आता धातू काळा करायचं द्रावण. मॉडेलचं सामान विकणारे ते ठेवतात. बंदुकीचं लोखंड निळं करायचं द्रावणही चालतं. यांतल्या बऱ्याच द्रावणांत सेलेनियमची संयुगं आणि आम्ल असतं, तेव्हा खिडकी उघडी, स्वयंपाकघरातलं भांडं नाही आणि लहान मुलं जवळ नाहीत. प्लॅस्टिकच्या डब्यात पट्टा बुडवून सतत हलवत राहा. काही क्षणांत चकाकी जाते, मग तपकिरी, मग काळा. हवा तसा रंग आला की लगेच पाण्यात काढा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक डुबकी म्हणजे उरलेलं आम्ल शांत होतं. सुकल्यावर वर काजळीसारखी पूड दिसते, ती ब्रशनं झाडा. जिथे फेविक्विक सांडलं असेल तिथे पांढरे ठिपके राहतील, त्यांच्यावर गडद रंगाचा हलका हात फिरवा.

द्रावण मिळालं नाही तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि गडद तपकिरी रंग चालेल, पण रंग सुकेपर्यंत पट्टा हलवत राहावा लागतो. शिवाय घासल्यावर रंगाचा पापुद्रा निघतो. काळं केलेला धातू घासला की खाली खराच धातू दिसतो. माझं मत विचाराल तर द्रावणासाठी थांबलेलं बरं.

घासणं, गंज, चिखल

जमिनीला लागणारी उंच नक्षी 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकेच घासा. पेपर लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेला असू द्या, म्हणजे खोलगट भाग काळे राहतात. शिंगांच्या बाजूही थोड्या उजळा. आतल्या बाजूला मात्र गाडी कोणती ते बघा. 1942 मध्ये स्टालिनग्राडच्या कारखान्यातून रबराच्या तुटवड्यामुळे पोलादी कडेची चाकं लावलेले टी-34 निघाले. त्यांच्या ट्रॅकच्या आत चाकाच्या वाटेवर लख्ख पट्टा हवा. रबरी चाकांच्या गाडीला तिथे नुसती गुळगुळीत, राखाडी झाक पुरे.

नारिंगी गंज फार लावायचा मोह होतो. चालत्या गाडीचा ट्रॅक दगडमातीत सतत घासला जातो, त्यामुळे गंज पिनेच्या फटीत आणि खोबणीतच टिकतो. शंका असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम पाहून या. तिथल्या सेंच्युरियन आणि विजयंता रणगाड्यांच्या कड्या जवळून बघता येतात. एवढं लक्षात ठेवा की त्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या आहेत, तुमची लढाईत आहे.

चिखलाला कोकणातला तांबडा रंग नको. युक्रेनची चेर्नोझेम नावाची माती काळी असते, आपल्याकडच्या काळ्या जमिनीसारखी, सुकली की राखाडी. रंगद्रव्याची पूड कोरडीच खोबणीत भरा आणि ब्रशनं टर्पेंटाइनचा थेंब सोडा, तो आपोआप पसरतो. सुकल्यावर उंच भाग कापडानं पुसून पुन्हा उजळा. सांधे परत हलवून बघा, पूड फटीत जाऊन बसते.

चाकं आधीच रंगवून झालेली असू द्या. पट्टा मागून आत घाला, वरून पुढे आणा, टोकं खालच्या बाजूला जुळवून शेवटची पिन घाला. मग पुढचं चाक बोटानं सरकवत वरचा ट्रॅक हवा तेवढा टेकला की त्याचा आस चिकटवा.