डोळे कोरडे पडायलेत पण काजळ सुटत नाही? मग हे वाचा

मार्च लागला की परभणीत माझ्या पार्लरमधे एक वाक्य रोज ऐकू येतं. "ताई, डोळे लई चुरचुरायलेत ओ, काजळ घातलं की घळघळ पाणी येतं, नाही घातलं तर सगळे विचारतात आजारी आहेस का." आणि पाणी येतं म्हटल्यावर कुणालाच वाटत नाही की आपले डोळे कोरडे आहेत, उलट वाटतं पाणी जास्त झालंय. मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे डोळा कोरडा पडून टोचायला लागला की तो घाईघाईनं पाणी सोडतो, पण ते पातळ पाणी टिकत नाही, गालावर येतं आणि डोळा परत कोरडाच. हे मला कळलं चार वर्षांपूर्वी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले तेव्हा.

त्यांनी खालच्या पापणीत टिपकागदासारखी एक बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवलं. पट्टी 10 मिलिमीटरच्या वर भिजली तर ठीक म्हणे, माझी भिजली 6. मग इअरबडनं पापणीची कड हळूच दाबली. पापणीच्या काठावर बारीक बारीक भोकांची ओळ असते, वरच्या पापणीत तीसेक, खालच्यात पंचवीसेक, त्यातून तेल येतं आणि अश्रूंवर साय धरल्यासारखं पसरतं म्हणून अश्रू उडून जात नाहीत. ते तेल उन्हाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं पातळ पाहिजे, माझं निघालं डिसेंबरमधल्या बाटलीतल्यासारखं, गोठलेलं, पांढरं. आणि स्क्रीनवर मोठं करून दाखवलं तर डोळ्यातल्या पाण्यावर काळे कण तरंगायलेले. "हे काय?" मी विचारलं. "तुमचं काजळ," डॉक्टर म्हणाले.

आता काजळ आपण घालतो कुठं, तर बरोबर त्या भोकांच्या ओळीवर. वॉटरलाइन म्हणजे पापणीचा तो ओला आतला काठ, तिथं रोज मेण आणि काळा रंग घासायचा म्हणजे तेलाच्या तोट्यांवर रोज लिंपण करायचं. सगळ्यांचेच डोळे यानं कोरडे होतात असं नाही, पण ज्यांचे आधीच कोरडे आहेत त्यांनी एवढं एक ऐकलं तरी पुष्कळ फरक पडतो, काजळ केसांच्या बाहेर, म्हणजे पापणीचे केस जिथं उगवतात त्याच्या बाहेरच्या कातडीवर लावा. आतल्या ओल्या काठावर नाही, आणि वरच्या पापणीखालून काळं भरतात ते टाइटलायनिंग तर नाहीच नाही. पहिले आठ दिवस आरशात विचित्र वाटतं. मग सवय होते. खालची रेघ नुसत्या बाहेरच्या अर्ध्या भागात ओढून इअरबडनं किंचित पुसट केली की डोळा भरलेला दिसतो, कुणाला कळतही नाही की आत काही नाही.

काजळ कोणतं, हा पुढचा प्रश्न आणि इथंच जास्त भांडणं. फेब्रुवारीतल्या उरुसात सुरम्याच्या बारीक बाटल्या मिळतात, चमकणारी करडी पूड, डोळ्याला थंडावा येतो म्हणून लोक हौसेनं घेतात. खरा जुन्या पद्धतीचा सुरमा गॅलेना नावाच्या दगडाची पूड असते आणि गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज. आपल्याकडच्या 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांत रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे, पण सुट्ट्या, बिनलेबलच्या बाटलीत काय आहे ते कोण बघायला बसलंय. कोरडे डोळे असोत नसोत, सुरमा घेऊ नका. लेकरांच्या डोळ्यात तर अजिबात नाही, सुरमाही नाही आणि काजळही नाही, तीट लावायची तर कपाळाला किंवा तळपायाला लावा.

घरचं काजळ म्हणाल तर माझ्या सासूबाई एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याचं ताट धरून काजळी पाडतात आणि तुपात कालवतात. प्रेमानं करतात, वासही छान येतो. त्यात शिसं नसतं हे खरं, पण काजळी म्हणजे धुराचे कणच, आणि तूप डोळ्यात गेलं की नजर धूसर होते, शिवाय टिकवायला काहीच घातलेलं नसतं आणि डबीत सगळ्यांची बोटं. मी त्यांना नाही म्हणत नाही. भुवईच्या टोकाला लावते, त्याही खूश.

बाजारातलं घेताना साधी लाकडी पेन्सिल घ्या जी शार्पनरनं टोकता येते. फिरवून वर येणारी काडी दिसायला भारी पण तिचं टोक तेच ते राहतं, लाकडीचं टोक प्रत्येक वेळी थोडं टोकलं की नवा भाग वर येतो. टोकल्यावर हाताच्या मागच्या बाजूला एकदा ओढून बघा, बुरा झडला पाहिजे आणि रेघ न दाबता उमटली पाहिजे, कातडी ताणावी लागत असेल तर ती पेन्सिल परत द्या. आणि "24 तास टिकणारं, वॉटरप्रूफ, स्मजप्रूफ" असं लिहिलेलं दिसलं की मला आधी आठवतं ते रात्री काढताना होणारे हाल. जे चोवीस तास हलत नाही ते काढायला चोळावंच लागतं, आणि कोरड्या डोळ्याला चोळणं सगळ्यात वाईट.

मस्कारा. वॉटरप्रूफ सोडा. ट्यूबिंग मस्कारा म्हणून एक प्रकार मिळतो, तो प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखा बसतो आणि कोमट पाण्यानं भिजवला की त्या नळ्याच सुटून हातात येतात, विरघळून डोळ्यात जात नाहीत. पहिल्यांदा बघणारीला वाटतं पापणीचे केसच गळाले, माझी एक गिऱ्हाईक रात्री साडेदहाला रडत फोन करून बसली होती. तो मिळाला नाही तर साधा धुता येणारा घ्या, केसांच्या मुळाशी नाही, मधून टोकापर्यंत लावा, आणि खालच्या पापणीला नको. तंतू असलेला, म्हणजे फायबर मस्कारा तर घरातच आणू नका, ते तंतू सुटून डोळ्यात पडतात.

खोट्या पापण्या आणि एक्स्टेन्शन याबद्दल स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलते. 2015 साली अमेरिकेत जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या लोकांनी पापण्यांवर वारा सोडून मोजणी केली होती, त्यात निघालं की पापणीची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश असेल तर डोळ्यावर वारा सगळ्यात कमी लागतो, त्याहून लांब झाली की उलट वारा आत ओढला जातो आणि पाणी लवकर उडतं. देवानं माप बरोबर काढलेलंय. वरून एक्स्टेन्शनचा गोंद सायनोअ‍ॅक्रिलेटचा, म्हणजे फेविक्विकच्या घराण्यातला, त्याच्या वाफेनंच डोळे झोंबतात. कोरडे डोळे असणारीला मी एक्स्टेन्शन करत नाही, दुसरीकडं गेली तरी चालेल. पापणी वाढवायच्या सीरमचंही तसंच, लेबलवर आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट दिसलं तर ठेवून द्या, काचबिंदूच्या औषधांच्या जातीतलं आहे, डोळे लाल होतात, पापणी काळवंडते. आणि भुवईला, पापणीला केसांचा डाय कधीच नाही. 1933 साली अमेरिकेत लॅश ल्युअर नावाच्या पापणीच्या रंगानं बायकांचे डोळे गेले होते, त्यातला घटक आजही काळ्या डायमधे असतो.

आयशॅडोची पावडर आपल्याकडच्या हवेत दुहेरी त्रास, आधीच रस्त्याची धूळ त्यात ही. क्रीमची चांगली, पण मे महिन्यात 43 डिग्रीला क्रीम दोन तासात पापणीच्या घडीत जाऊन बसते, म्हणून बोटानं अगदी पातळ थर आणि वरून ब्रश झटकून मॅट पावडरचा एक हात, एवढंच. चमकी, ग्लिटर नको. त्याचे कण कडक असतात, बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

लेबल वाचायची सवय लावा, मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचा कारण अक्षर मुंगीएवढं असतं. बेंझाल्कोनियम क्लोराइड, फॉर्माल्डिहाइड सोडणारे क्वाटरनियम-15, डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, पुढं परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स, अल्कोहोल डिनॅट, आणि डोळ्याखालच्या सुरकुत्यांच्या क्रीममधे रेटिनॉल किंवा रेटिनिल पाल्मिटेट, ही नावं दिसली तर मी घेत नाही. रेटिनॉल त्या तेलाच्या ग्रंथींना मानवत नाही, गालाला लावा पण डोळ्यापासून लांब. "हायपोअ‍ॅलर्जेनिक" या शब्दावर जाऊ नका, अमेरिकेच्या एफडीएनंच, म्हणजे औषधं-कॉस्मेटिक्सवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, सांगून ठेवलंय की त्याला कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. नवीन काहीही घेतलं तर कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. आणि "प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नाही" असलेला मस्कारा फार शुद्ध असं समजू नका, ओलसर नळीत जंतू वाढायला वेळ लागत नाही.

आता काढणं. माझं स्पष्ट मत आहे की लावण्यापेक्षा काढण्यानं डोळे जास्त बिघडतात, बाया लावायला अर्धा तास देतात आणि काढायला अर्धा मिनिट, तेही तोंडाच्या साबणानं. वॉटरप्रूफ वापरलं नसेल तर तेलाच्या रिमूव्हरची गरजच पडत नाही. तेलाचं रिमूव्हर आणि खोबरेल काळं छान उचलतात पण डोळ्यात जाऊन पाण्यावर तवंग धरतात, सकाळपर्यंत धुरकट दिसतं. कधी लग्नाच्या मेकअपला वापरावंच लागलं तर डोळे घट्ट मिटून, थेंबभर, आणि नंतर धुवून. मायसेलर वॉटर, म्हणजे मेकअप काढायचं पाण्यासारखं पातळ रिमूव्हर, बिनवासाचं घ्या, त्यावर "धुवायची गरज नाही" लिहिलेलं असतं तरी धुवाच, कारण मळ उचलणारा पदार्थ म्हणजे शेवटी साबणाचाच चुलतभाऊ, रात्रभर पापणीच्या काठावर कशाला ठेवायचा. मेकअप वाइप्स मात्र घेऊ नका, खरखरीत असतात आणि बहुतेकांना वास असतो.

करायचं असं. हात धुवा. लेन्स असतील तर आधी काढा, मग मेकअप, आणि सकाळी उलट, आधी लेन्स मग मेकअप. कापसाचा गोल पॅड रिमूव्हरनं ओला करा, निथळत नको, पिळूनही नको. डोळा मिटून त्यावर ठेवा आणि तीसपर्यंत मोजा. काही करू नका, नुसतं ठेवा. मग वरून खाली, केस ज्या दिशेनं आहेत त्या दिशेनं एकदाच ओढा. पॅडवर काळ्या केसांचा ठसा उमटतो तो बघायला मला अजून मजा येते. आडवं घासायचं नाही. दुसऱ्या डोळ्याला दुसरा पॅड. मुळाशी राहिलेलं ओल्या इअरबडनं, डोळा मिटूनच. शेवटी पाण्यानं. इथं आमच्याकडची खास अडचण, बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर धरणारं हे जड पाणी माझ्या पापण्यांना ताणून टाकतं, म्हणून मी उकळून गार केलेलं, नाहीतर फिल्टरचं वाटीभर पाणी बाजूला काढते आणि त्यात पॅड भिजवून पुसते, टँकरच्या दिवसातही वाटीभर पाण्यात भागतं.

मेकअप निघाल्यावर मऊ रुमाल कोमट पाण्यात बुडवून, मनगटाला सोसेल एवढा गरम, पाच ते दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर. गार झाला की परत बुडवा. गोठलेलं तेल यानंच सुटतं. ड्रॉप डॉक्टरांनी दिले असतील ते नंतर, आणि सकाळी मेकअपच्या पंधरा मिनिटं आधी. वेगळं औषध दुकानातून आपल्या मनानं आणू नका, लाली घालवणाऱ्या ड्रॉपनं तर कोरडेपणा वाढतो.

मस्कारा आणि लिक्विड लायनर तीन महिन्यांनी टाकून द्यायचं, अर्धं उरलं तरी. मी नळीवर मार्करनं उघडल्याची तारीख लिहिते. 2023 च्या पावसाळ्यात डोळे आले होते सगळ्यांचे, तेव्हा ज्यांनी त्या काळातलं काजळ पुढं वापरलं त्यांना परत भोगावं लागलं, तसं झालं तर सगळं फेकायचं. आणि हळदीला एकच काडी नवरी, करवली, आत्याबाई, मावशी अशी फिरते, ती फिरवू नका, कुणी मागितलं तर "मला डोळे आलेत" म्हणा, लगेच परत देतात.

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली, पिवळा चिकट पू येत असेल किंवा एकच डोळा लाल असेल तर रिमूव्हर कोणतं हा विचार सोडून सरळ डॉक्टर गाठा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगा, त्यानं डोळे कोरडे पडतात. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर तेसुद्धा.

नवरीचे डोळे कोरडे असतील तर मी आता आधीच विचारून घेते. होमाच्या धुरात अर्धा तास बसायचं असतं आणि पंखा नेमका तोंडावर. म्हणून डॉक्टरांनी दिलेली प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या ड्रॉपची एकदाच वापरायची छोटी कुपी करवलीच्या पर्समधे देऊन ठेवते. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की वर बघायला लावून एक थेंब, टिश्यूनं कोपरा टिपायचा, पुसायचा नाही, आणि मग फोटोवाल्याला हाक मारायची.