विकी गिटमध्येच ठेवा

बेळगावात टिळकवाडीत दोन खोल्यांचं आमचं ऑफिस. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्याची माहिती पूर्वी व्हॉट्सॲपवर असायची, म्हणजे नसायचीच.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर माहितीच्या पानांसाठी विकी मिळतो. हा विकी म्हणजे वेगळी गिट रेपो (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं फोल्डर) असते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आधी ब्राउझरमधून एक पान बनवा, मग पत्त्यातल्या ‘.गिट’च्या जागी ‘.विकी.गिट’ घालून क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर प्रत उतरवा. पानं म्हणजे मार्कडाउनच्या, साध्या मजकुराच्या फाइली. बदला, कमिट करा (बदलाची नोंद), पुश करा (गिटहबवर परत पाठवा). कमिट मेसेजात नुसतं ‘अपडेट’ नको. ‘कास्टिंगचं वजन आता किलोत, आधी टनात’ असं लिहा. सहा महिन्यांनी ‘हे कुणी बदललं?’ म्हणून आरडाओरडा झाला, की ‘गिट ब्लेम’ ही कमांड कुठली ओळ कुणी बदलली ते नावासकट सांगते. आमच्यात ते नाव माझंच निघालं.

विकीला पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घेण्याआधी इतरांना तपासायला देण्याची सोय, नसते. रिव्ह्यू हवा असेल तर पानं कोडच्याच रेपोत ‘डॉक्स’ फोल्डरात ठेवा.