माइक नंतर, आधी एक फोन

लोकांच्या गोष्टींचा मुलाखतींचा कार्यक्रम करायचा म्हटलं की नवे निर्माते आधी माइकची चौकशी करतात. माझं म्हणणं, आधी पाहुण्याला फोन करा. दहा-पंधरा मिनिटं, निव्वळ गप्पा. मात्र त्यात सगळी गोष्ट ऐकून घेऊ नका. एकदा मनापासून सांगून झालेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा उरकतो, वर 'त्या दिवशी फोनवर म्हटलं तसं' अशी पुस्ती जोडतो. श्रोत्याला कुठला तो फोन माहीत? म्हणून गडी रंगात यायला लागला की मी सरळ सांगते, 'थांबा, हे रेकॉर्डिंगला ठेवू या.'

प्रश्न लिहून न्या, पण वाचून दाखवू नका. 'कसं वाटलं?' हा प्रश्न तर मी बादच करून टाकलाय. निवृत्त बसचालकाला 'शेवटच्या दिवशी कसं वाटलं?' विचारा, 'बरं वाटलं, थोडं वाईटही वाटलं' एवढ्यावर विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, 'शेवटच्या फेरीला गाडीत कोण कोण होतं? डेपोत गाडी लावल्यावर किल्ली कुणाच्या हातात दिलीत?' किल्लीपाशी आला की तो जरा थांबेल. तिथे तुम्हीही थांबा. मनात चारपर्यंत मोजा. पुढचा प्रश्न टाकायची घाई झालेली असते, पण बहुतेक वेळा खरं बोलणं त्या चार आकड्यांनंतरच येतं. 'हं, हं' म्हणायची सवयही मोडा. हे हुंकार पाहुण्याच्या शब्दांवर असे चढतात की संकलनात सुटता सुटत नाहीत. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या.

अमेरिकेत शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर १९५२ ते १९९७ अशी ४५ वर्षं मुलाखतींचा कार्यक्रम करणाऱ्या स्टड्ज टर्केल यांची टेपरेकॉर्डरशी कायम झटापट चालायची. समोरचा माणूसच मदतीला यायचा आणि त्यात त्याची भीड चेपायची, असं ते स्वतःच सांगत. मुद्दाम धांदल करा असं मी म्हणत नाही; पण मान खाली घालून यंत्राकडेच बघत बसलात तर पाहुणा आखडणार.

काही माणसं आपल्यासमोर खुलतच नाहीत. मग त्यांच्याच एखाद्या माणसाला प्रश्न विचारायला बसवा आणि आपण बाजूला व्हा. २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, सामान्य माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करणाऱ्या 'स्टोरीकॉर्प्स'चा सगळा डोलारा यावरच उभा आहे: ओळखीची दोन माणसं समोरासमोर, ४० मिनिटं बोलणं. नात-आजोबा बोलतात तेव्हा आपल्याला सुचणारही नाहीत असे प्रश्न निघतात.

यंत्राचं थोडक्यात. पंखा, एसी, फ्रिज बंद. (फ्रिज पुन्हा लावायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, ही रेडिओवाल्यांची जुनी युक्ती.) माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका, अगदी समोर धरला तर 'प' आणि 'भ' फाटकन आदळतात. तो पाहुण्याच्या हातात कधीही देऊ नका, बोलता बोलता हात खाली जातो. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडा. नेहमीच्या आवाजातलं बोलणं रेकॉर्डरच्या आवाज-मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवलं की पाहुणा मोठ्याने हसला तरी आवाज फाटत नाही. आणि उठण्याआधी सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट टिपायचा. संकलनातले सांधे तोच बुजवतो.

संकलनात अडखळणं थोडं काढा, सगळं नाही. अगदी गुळगुळीत केलेला माणूस खोटा वाटतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडणं मात्र मी कुणालाच करू देत नाही, भले कार्यक्रम दोन मिनिटं लांबो. गोष्टीत तिसऱ्याच कुणाची खासगी बाब आली असेल तर ती ठेवायची का, हे प्रसारणाआधी पाहुण्याशी बोलून ठरवा. शेवटी प्रसारणाची वेळ त्याला कळवा, तयार फाइल पाठवा, आणि न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग नाव-तारीख घालून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.